द्रावणांची अवरक्त वर्णपटमिती : कमी खर्चातील सेल

अवरक्त वर्णपटमापक उपलब्ध असला, तरी द्रावणाचा वर्णपट नीट मिळेल की नाही, हे बहुतांशी नमुना धरणाऱ्या सेलवर ठरते. या सेलची रचना साधी असून तो महाविद्यालयीन प्रयोगशाळेत जुळवता येतो.

काच मध्य-अवरक्त किरणांचा मोठा भाग शोषून घेते. म्हणून सेलच्या खिडक्यांसाठी सोडियम क्लोराइड किंवा पोटॅशियम ब्रोमाइडच्या चकत्या वापरतात. पहिल्या चकत्या सुमारे ६५० प्रति सेंमी तरंगसंख्येपर्यंत, तर दुसऱ्या ४०० पर्यंत उपयोगी पडतात. दोन चकत्यांमध्ये भोक पाडलेली ०.१ मिमी जाडीची टेफ्लॉनची पट्टी ठेवून धातूच्या चौकटीत स्क्रूने हलकेच आवळावे. एका चकतीला भरण्यासाठी दोन छिद्रे असल्यास सेल न उघडता द्रावण बदलता येते व जाडी कायम राहते. संहती मोजताना हे अत्यावश्यक आहे.

पट्टीच्या छापील जाडीवर विसंबू नये. रिकाम्या सेलच्या वर्णपटात आतील पृष्ठभागांवरील परावर्तनामुळे व्यतिकरणाच्या लाटा दिसतात. १००० ते २००० प्रति सेंमी या टप्प्यात २० लाटा आल्यास जाडी = २० ÷ (२ × १०००) = ०.०१ सेंमी, म्हणजेच ०.१ मिमी. लाटा दिसल्या नाहीत, तर चकत्या समांतर किंवा पुरेशा गुळगुळीत नाहीत, असे समजावे.

या चकत्यांचा खरा शत्रू पाणी. दमट हवेने किंवा ओलसर अल्कोहोलनेही त्या धुरकट होतात. पावसाळ्यात निष्काळजीपणा झाला, तर सत्रभराची प्रात्यक्षिके अडतात. म्हणून चकत्या कडेने धराव्यात आणि सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्ये ठेवाव्यात.

जलीय द्रावणांसाठी पाण्यात न विरघळणाऱ्या कॅल्शियम फ्लोराइडच्या खिडक्या लागतात. मात्र त्या सुमारे ११०० प्रति सेंमीपर्यंतच चालतात. शिवाय १६४० प्रति सेंमीजवळ पाण्याचे शोषण इतके तीव्र असते, की तेथे सेलची जाडी ०.०१ मिमीहून कमी ठेवावी लागते.

पूर्वी सर्रास वापरला जाणारा कार्बन टेट्राक्लोराइड यकृतास घातक व ओझोन थराचा नाश करणारा असल्याने टाळावा. त्याऐवजी सायक्लोहेक्झेनमध्ये एथिल ॲसिटेटची ०.०५, ०.१ व ०.१५ मोलर द्रावणे करून १७४० प्रति सेंमीजवळील कार्बोनिल पट्ट्याचे शोषण मोजावे. दोन्ही द्रव ज्वालाग्राही असल्याने जवळपास बर्नर नसावा. संहती आणि शोषण यांचा आलेख सरळ रेषेत आला, की बिअर-लँबर्ट नियम विद्यार्थ्याने स्वतः पडताळलेला असतो.