बेटाला माती कोठची?



सुट्टीसाठी समुद्रातल्या बेटावर जाणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. आपल्यापैकी काही जण जाऊन आले असतील, काहींचा पुढच्या दिवाळीचा बेत ठरलाही असेल. तेव्हा प्रवासवर्णन करून मी आपला वेळ घेणार नाही. बेटावर उतरल्यावर माझ्या पत्नीने मला एक साधा प्रश्न विचारला. त्याचे उत्तर तेव्हा मला देता आले नाही. ते आज द्यावे, एवढाच माझा विचार आहे.

गेल्या डिसेंबरात आम्ही उभयता लक्षद्वीपातील अगत्ती बेटावर गेलो. कोचीहून ते सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर आहे. विमान लहान, पंख्यांचे. बराच वेळ खाली नुसते गर्द निळे पाणी. मग त्या निळ्यात एकाएकी फिकट हिरवे कंकण दिसू लागले, आणि त्या कंकणाच्या कडेला नारळीची एक बारीक रेघ. ती रेघ म्हणजेच बेट! दक्षिणेकडे ते इतके निमुळते होत जाते की धावपट्टीच्या दोन्ही अंगांना समुद्रच दिसतो. पत्नीने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "अहो, पाण्यातच उतरतोय की काय आपण?"

उतरलो, परवाने दाखविले, सामान टाकले आणि पाय मोकळे करायला निघालो. आमच्या घरी कुंड्यांची देखभाल तिच्याकडे. त्यामुळे कोठेही गेले तरी तिची नजर आधी जमिनीकडे जाते. वाटेत तिने वाकून चिमूटभर वाळू उचलली आणि विचारले, "इथं डोंगर नाही, नदी नाही, काळा दगड औषधाला नाही. मग या बेटाला माती कोठची?"

प्रश्न भाबडा वाटेल, पण तो अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे. आपल्याकडे डोंगर झिजतो, नदी गाळ आणते आणि माती होते. या बेटाचा एकूण एक कण मात्र सजीवांनी तयार केलेला आहे. प्रवाळ, म्हणजे आपले पोवळे ज्या कुळातले तो मुंगीएवढा प्राणी, समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन स्वतःभोवती घर बांधतो. एक मेला की त्याच्या घरावर दुसरा बांधतो. अशी भिंत वाढत जाते. लाटा ती फोडतात. पोपटासारखी चोच असलेले मासे ती कुरतडून खातात आणि पोटात दळलेला चुना पांढऱ्या वाळूच्या रूपाने बाहेर टाकतात. या जातीचा एखादा मोठा मासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो. शिंपले आणि चुनखडी शेवाळ यांचा चुरा त्यात मिसळतो. लाटांनी ही वाळू भिंतीवर लोटली, तीवर नारळ रुजला, पक्षी बसले, आणि बेट झाले.

पण भर समुद्रात ही भिंत उभी राहिली कशावर? डार्विनने १८४२ साली याचे उत्तर सुचविले. ज्वालामुखीचा डोंगर हळूहळू खचतो, आणि त्याच्या काठाचे प्रवाळ उजेडासाठी वर वर वाढत राहते. डोंगर बुडतो, कंकण उरते. १९५२ साली प्रशांत महासागरातील एनिवेटोक येथे भोके पाडली, तेव्हा बाराशे मीटरांहून अधिक जाडीच्या प्रवाळाखाली खरोखरच ज्वालामुखीचा खडक लागला. लक्षद्वीपाखालीही एक बुडालेली पर्वतरांग आहे. तिचे नाते आपल्या सह्याद्रीशी जुळते, असे पुष्कळ भूशास्त्रज्ञ मानतात. पृथ्वीच्या पोटातील ज्या उष्ण स्रोतातून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा काळा पाषाण ओतला गेला, त्याच्यावरून आपला भूखंड उत्तरेकडे सरकत गेला, आणि मागे ही रांग उरली. पत्नीने शोधलेला काळा दगड तेथे नाही असे नाही; तो फार खोल आहे.

आता पाण्याकडे वळू. चहूकडे खारा समुद्र, तरी बेटावर गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि हलके असल्यामुळे खाली मुरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. हा थर बेताचाच असतो. उपसा फार झाला की खालचे खारे पाणी वर येते आणि विहीर नासते. म्हणून २००५ साली कवरत्ती बेटावर समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र बसविले. ते दिवसाला एक लाख लिटर पाणी देण्यासाठी बांधलेले आहे. आमच्या यजमानांनी न्हाणीत दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या. पहिल्या दिवशी त्या मला अपुऱ्या वाटल्या, दुसऱ्या दिवशी वाटल्या नाहीत.

बेटाची जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा जेमतेम एकदोन मीटर उंच. तिला तारते ती बाहेरची भिंत. मोठी लाट तेथेच फुटते. पण भिंत जिवंत असेल तरच तिची रोजची झीज भरून निघते. समुद्र नेहमीच्या उन्हाळ्याहून एखादा अंश अधिक तापला आणि काही आठवडे तसाच राहिला, तर प्रवाळ आपल्या अंगातले, त्याला अन्न पुरविणारे सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकते, पांढरे पडते आणि पुष्कळदा मरते. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली लक्षद्वीपात हेच घडले. समुद्राची पातळी वर्षाला तीनचार मिलिमीटर चढते आहे. जिवंत भिंतही वर्षाला काही मिलिमीटर उंच होऊ शकते. म्हणजे शर्यत बरोबरीची आहे. पण धावणाराच मेला तर शर्यत कसली? त्या बेटांवर २०११ च्या जनगणनेप्रमाणे ६४ हजारांवर माणसे राहतात. त्यांना सुट्टी संपली म्हणून परतायला दुसरे घर नाही.

निघायच्या दिवशी पत्नीने काठावर पडलेली प्रवाळाची एक सुंदर फांदी उचलली. देवघरात ठेवायची होती. नाव हाकणारा मुलगा मोडक्या हिंदीत म्हणाला, "ही इथेच राहू द्या." कायद्यानेही ती नेता येत नाही; २००१ पासून प्रवाळाला वन्यजीव कायद्याचे, वाघासारखेच संरक्षण आहे. पण त्याने कायदा सांगितला नाही. त्याने फांदीकडे बोट दाखविले, मग पायाखालच्या वाळूकडे. पत्नीने ती फांदी पाण्याच्या कडेला ठेवली आणि मला म्हणाली, "मिळालं हो मला उत्तर."

आपणही अवश्य जा, सोबतीला जिवाचे माणूस न्या. पोहताना प्रवाळावर पाय देऊ नका, पाणी जपून वापरा, आपला कचरा आपल्याबरोबर परत आणा. ज्याच्या घरावर आपण उभे असतो तो यजमान मुंगीएवढा आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.