गालावरचं बक्कल

इंग्रजी शब्द म्हटला की आपल्यातल्या कितीतरी जणींच्या पोटात गोळा येतो. पण काही इंग्रजी शब्द आपल्या घरात इतके रुळलेत, की ते परके आहेत हेच आपण विसरून गेलोय. ‘बक्कल’ हा त्यातलाच एक. मुलांच्या शाळेच्या पट्ट्याला बक्कल, सँडलला बक्कल, दप्तराला बक्कल. पोलिसाची ओळखसुद्धा ‘बक्कल नंबर’वरून! मूळ शब्द ‘बकल’. आपण त्यात आणखी एक ‘क’ घालून त्याला चांगला ठसठशीत मराठी करून टाकला.

या शब्दाचं माहेर कुठलं माहितेय? थेट प्राचीन रोम. तिथल्या लॅटिन भाषेत गालाला ‘बुक्का’ म्हणत. त्यावरून ‘बुक्कुला’, म्हणजे छोटासा गाल. रोमन सैनिकांच्या शिरस्त्राणाला गालावरून खाली येणारा जो भाग किंवा पट्टा असे, त्यालाही हेच नाव मिळालं. ढालीच्या मधोमध जो फुगीर गोळा असतो, त्यालाही गालासारखा म्हणून तेच नाव. पुढे फ्रेंच भाषेत त्याचं ‘बूक्ल’ झालं आणि अर्थ सरकत सरकत धातूच्या कडीवर आला. फ्रेंच बायका आजही केसांच्या कुरळ्या बटेला ‘बूक्ल’ म्हणतात, आणि कानातल्यांच्या नावातही हाच शब्द आहे. साधारण सातशे वर्षांपूर्वी तो इंग्रजीत गेला आणि तिथून आपल्याकडे आला. दातांचे डॉक्टर गालाच्या आतल्या बाजूला ‘बक्कल’ म्हणतात, तेही याच ‘बुक्का’चं नातलग.

गंमत म्हणजे इंग्रजीत या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. भाराखाली पत्रा वाकला, पाय लटपटून गुडघे दुमडले, तरी ‘बकल’च म्हणतात. म्हणजे घट्ट बांधणंही तेच आणि कोलमडणंही तेच!

मैत्रिणींनो, हे सगळं आज सांगायचं कारण वेगळंच आहे. शिरस्त्राणाच्या गालपट्ट्यापासून निघालेला हा शब्द जग फिरून पुन्हा शिरस्त्राणावरच येऊन बसलाय. आपल्या हेल्मेटच्या पट्ट्यावर, गालाच्या जरा खाली! आणि नेमकं तेच बक्कल आपण लावत नाही.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी एकदा सहज विचारलं, “दुचाकीवर मागे बसताना हेल्मेट कोण घालतं?” एकही हात वर झाला नाही. “ह्यांचं असतं की, आरशाला अडकवलेलं,” एक ताई म्हणाली. सगळ्या हसल्या. मग कोपऱ्यातली एक वहिनी हळूच म्हणाली, “माझ्या भावाने हेल्मेट घातलं होतं हो. पट्टा नव्हता लावला. तो पडायच्या आधी हेल्मेटच लांब उडालं.” त्यानंतर कुणी हसलं नाही.

१९८८च्या मोटार वाहन कायद्याचं १२९वं कलम फक्त चालवणाऱ्यासाठी नाही, मागे बसणाऱ्यासाठीही आहे. २०१९च्या दुरुस्तीत चार वर्षांवरच्या प्रत्येकाचा त्यात स्पष्ट उल्लेख झाला. आणि हेल्मेट डोक्यावर ठेवून भागत नाही, ते पट्ट्याने नीट बांधलेलं हवं, असंही हा कायदा सांगतो. जगभरातल्या साठहून अधिक अभ्यासांचा आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. पण ते डोक्यावर टिकलं तर ना!

आपल्या अडचणीही खऱ्या आहेत. अंबाडा आड येतो, गजरा चुरगळतो, उकडतं, लोक काय म्हणतील ते वेगळंच. त्यावर सोपे उपाय आहेत. अंबाड्याऐवजी वेणी घाला किंवा केस मानेवर खाली बांधा. गजरा पर्समध्ये ठेवा आणि लग्नघरी पोचल्यावर माळा. पदर, ओढणी चाकात जाणार नाही अशी खोचून घ्या. हेल्मेट आयएसआय खुणेचं आणि आपल्याच मापाचं घ्या. नवऱ्याचं सैल हेल्मेट आपल्या उपयोगाचं नाही. बक्कल लावल्यावर पट्टा आणि हनुवटी यांच्यात जेमतेम एक-दोन बोटं जावीत. मग मागून हेल्मेट पुढे ढकलून पाहा. निघून आलं, तर पट्टा ढिला आहे.

साडीला पिन लावल्याशिवाय आपण उंबरा ओलांडत नाही. मंगळसूत्राचा फासा सैल झाला तर दुसऱ्या दिवशी सोनाराकडे धावतो. सोन्याची एवढी काळजी घेणाऱ्या आपण, डोक्याची का घेऊ नये? उद्यापासून गाडी सुरू होण्याआधी चालवणाऱ्याला एवढंच म्हणा, “थांबा, आधी बक्कल लावा.” आणि आपलंही लावा. ‘टिक’ असा आवाज आला की मगच निघा!