संगणकाच्या दफ्तरातील खातेवही

संगणकावर चालणाऱ्या आणि माणसाचे प्रत्यक्ष काम उरकून देणाऱ्या सॉफ्टवेअरची गणना करावयास बसले, तर यादी लांबतच जाईल. परंतु सामान्य कचेरीत ज्यांच्यावाचून पान हलत नाही असे प्रकार तीन-चारच. मसुदे सिद्ध करणारा वर्ड प्रोसेसर, आकड्यांचे कोष्टक सांभाळणारी स्प्रेडशीट, नोंदींचा संग्रह राखणारा डेटाबेस आणि सभेपुढे विषय मांडणारे प्रेझेंटेशन. ह्या शेवटच्याविषयी फार लिहावे असे नाही. १९८७ साली पॉवरपॉइंट अवतरले, आणि पडद्यावरचाच मजकूर श्रोत्यांना वाचून दाखवणाऱ्या वक्त्यांची चांगलीच सोय झाली.

वर्ड प्रोसेसरने टंकलेखन यंत्राची जागा घेतली खरी, पण जुनी सवय गेली नाही. शीर्षक मध्यावर आणण्याची आज्ञा समोर असताना आपले कारकून अद्याप स्पेसबार दाबीत त्याला मध्यापर्यंत ढकलत नेतात, आणि अक्षरांचा आकार बदलताच ते पुन्हा सरकले म्हणून यंत्राला बोल लावतात.

खरी नवलाई स्प्रेडशीटची. हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयात शिकत असलेल्या डॅन ब्रिकलिन ह्या विद्यार्थ्याला, कोष्टकातील एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे हाताने पुन्हा मांडावे लागतात, ही यातायात खटकली. आणि बॉब फ्रँकस्टनच्या साहाय्याने त्याने १९७९ साली ॲपल-२ ह्या संगणकासाठी व्हिजिकॅल्क सिद्ध केले. पुढे १९८३ साली लोटस १-२-३ आणि १९८५ साली एक्सेल आले. मूळ युक्ती मात्र तीच राहिली. रकान्यात आकडा न लिहिता ‘शेजारचा दर गुणिले त्यापुढील नग’ असे सूत्र लिहावे, म्हणजे दर बदलताच रक्कम, बेरीज आणि शिल्लक आपोआप बदलतात. असे असूनही कॅल्क्युलेटरवर बेरीज करून ती रकान्यात टंकित करणारे महाभाग ठिकठिकाणी आढळतात. त्यांच्या लेखी एक्सेल म्हणजे रेघा आखलेला कागद!

ह्या खातेवहीची एक खोड मात्र जमिनीच्या दफ्तराशी ज्यांचा संबंध येतो त्यांनी अवश्य जाणून घ्यावी. सर्व्हे नंबर १२/३ असा भरला की ती तो तारीख समजून बारा मार्च करून टाकते, आणि चालू वर्षही मनानेच जोडते. मागाहून रकाना ‘टेक्स्ट’ केला तर मूळ नोंद परत येत नाही, दिवसांची गणती दाखवणारी एक भलतीच पाच आकडी संख्या मात्र उमटते. म्हणून तो रकाना भरण्यापूर्वीच ‘टेक्स्ट’ ठरवून ठेवावा. ह्याच खोडीपायी जनुकांच्या नावांच्याही तारखा होऊ लागल्या, तेव्हा २०२० साली शास्त्रज्ञांनी एक्सेलची नव्हे, जनुकांचीच नावे बदलली.

डेटाबेसमध्ये असला स्वैरपणा चालत नाही. कोणत्या रकान्यात काय बसेल हे तेथे आधीच मुक्रर केलेले असते. माहिती परस्परसंबद्ध तक्त्यांत विभागून ठेवण्याची जी पद्धत आज बहुतेक ठिकाणी रूढ आहे, तिचा सिद्धान्त एडगर कॉड ह्यांनी १९७० साली मांडला. गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांची यादी खुशाल स्प्रेडशीटमध्ये ठेवावी. परंतु जेथे शेकडो माणसे एकाच क्षणी एकाच नोंदवहीत हात घालतात, तेथे डेटाबेसच हवा. रेल्वेचा एकच बर्थ दोन ठिकाणांहून एकाच वेळी मागितला गेला, तर पहिल्या मागणीचा निकाल लागेपर्यंत डेटाबेस दुसरीला थोपवून धरतो.