दोन लाडू, एक बादली

नरक चतुर्दशीची पहाट. परसात आजोबांनी तांब्याचा बंब पेटवला होता. मधल्या नळीत लाकडाच्या ढलप्या आणि वरून मूठमूठ भुईमुगाची टरफलं सोडत ते पाटावर बसले होते. तेल-उटणं लावलेली चिंगी आणि मन्या शेजारी कुडकुडत उभी होती. आंघोळीआधी फराळाला हात लावायचा नाही, हा आजीचा नियम. तरी मन्याच्या मुठीत बेसनाचा लाडू होताच.

"आत्या म्हणाली, एवढ्या मोठ्या लाडवात दोनशे कॅलरी असतात," चिंगीने त्याला सुनावलं.

मन्याने लाडू फोडून पाहिला. "मला तर बेसन नि बेदाणाच दिसतोय."

आजोबा हसले. "बंब फोडलास तर त्यात पाणी सापडेल, लिटर नाही सापडायचा. तसंच आहे हे. कॅलरी हा जिन्नस नव्हे, ते माप आहे. उष्णतेचं माप. एक ग्रॅम पाण्याचं तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला जेवढी उष्णता लागते, ती एक कॅलरी. एक किलो पाणी असेल तर हजारपट, म्हणजे एक किलोकॅलरी. आत्या बोलली ती ही मोठी कॅलरी."

"मग आत्या चुकली?"

"आत्या एकटीच नाही रे, सगळेच तसं बोलतात. १८२० च्या सुमारास पॅरिसमध्ये निकोला क्लेमाँ नावाचे प्राध्यापक वाफेच्या इंजिनांबद्दल शिकवत. त्यांनी हे माप व्याख्यानांत वापरलं, आणि ते एक किलो पाण्याचंच होतं. ग्रॅमचं धाकटं माप मागाहून आलं. नाव दोघांचं एकच राहिलं, म्हणून घोळ. खाऊच्या पाकिटावर किलोकॅलरी छापतात. बोलताना त्यातला 'किलो' गळून पडतो."

"पण इंजिनाचं माप लाडवाला कशाला?" मन्याने विचारलं.

"कारण लाडूही जळतो! थांबा, दाखवतो."

आजोबा विज्ञानाचे मास्तर होते. निवृत्त झाले तरी त्यांची प्रयोगाची पेटी निवृत्त झाली नव्हती. त्यांनी टाचणीला एक शेंगदाणा टोचला, टाचणी बटाट्यात उभी केली. वर चिमट्यात छोटी वाटी धरली, वाटीत ५० मिलिलिटर पाणी. तापमापकात २२ अंश. काडी लावली तसा दाण्याने हळूहळू पेट घेतला आणि पिवळ्या ज्योतीने चांगला जळत राहिला. विझला तेव्हा पारा ३६ वर होता.

"करा हिशेब. ५० ग्रॅम पाणी, १४ अंश."

"सातशे कॅलरी," चिंगी म्हणाली. "धाकट्या!"

"शाबास. पण पुस्तकात बघशील तर अर्ध्या ग्रॅमच्या दाण्यात अशा अठ्ठावीसशेच्या आसपास कॅलरी असतात. उरलेल्या गेल्या कुठे?"

मन्याने काजळी धरलेल्या वाटीच्या कडेवर हात धरला. "हवेत! इथे बाजूलाच गरम लागतंय."

"आता बंबाकडे बघा. विस्तव कुठे आहे?"

"मधल्या नळीत."

"आणि पाणी?"

"सगळीकडून भोवती!"

"हीच तर युक्ती. जाळ पाण्याच्या पोटात ठेवला की उष्णता सहज निसटत नाही. १८८० च्या सुमारास मार्सेलँ बर्थेलो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने असंच भांडं केलं. जाड पोलादाचं, घट्ट झाकणाचं. आत दाबाखाली ऑक्सिजन भरायचा, पदार्थ ठेवायचा, भांडं पाण्यात बुडवायचं आणि विजेच्या ठिणगीने आतला पदार्थ पेटवायचा. धूर जायला बंबासारखी वाटसुद्धा नाही. पाणी किती अंश तापलं ते बघायचं. त्या भांड्याला म्हणतात बॉम्ब."

"बंब!" मन्या ओरडला.

"नावं जवळची, कामही जवळचं."

चिंगीच्या कपाळावर आठी होती. "आजोबा, पण आपल्या पोटात कुठे जाळ असतो?"

"हा प्रश्न लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञालाही पडला होता. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये त्याने आणि गणितज्ञ लाप्लासने एक भांडं बनवलं. आतल्या कप्प्यात गिनिपिग, भोवती बर्फ, आणि बाहेरची ऊब आत येऊ नये म्हणून त्याभोवती आणखी बर्फ. गिनिपिगच्या अंगच्या उबेने दहा तासांत सुमारे ४०० ग्रॅम बर्फ वितळला. मग त्या जनावराने सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि कोळसा जाळल्यावर निघणारा, यांची तुलना केली. लाव्हाझिए म्हणाला, श्वसन म्हणजे मंद ज्वलन. बंबाला हवा लागते, आपल्याला श्वास लागतो. बंबातून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ बाहेर पडते, आपल्या नाकातूनही तेच. फरक एवढाच, की शरीर हे काम ३७ अंशांवर, टप्प्याटप्प्याने उरकतं. ज्योत नाही, धूर नाही."

"माणसाला ठेवलं का कुणी असं डब्यात?"

"ठेवलं तर! अमेरिकेत, कनेक्टिकटमधल्या मिडलटाऊनला, विल्बर ॲटवॉटर यांनी १८९० च्या दशकात. छोटी खोली, आतून तांब्याच्या पत्र्याची. माणूस काही दिवस आतच जेवायचा, झोपायचा, सायकलही मारायचा. नळ्यांतून गार पाणी फिरवलेलं. अंगची उष्णता ते पाणी घेऊन जायचं आणि मोजली जायची. म्हणजे बंबच, फक्त विस्तवाच्या जागी माणूस. खाल्लेलं आणि बाहेर पडलेलं, दोन्हींचा हिशेब जवळजवळ तंतोतंत जुळला."

मन्याने टरफलांची मूठ बंबात सोडली. भडका उडाला. "हीसुद्धा किती जळतात! मग टरफलं खाल्ली तर?"

"पोट दुखेल," आजोबा म्हणाले. "बंबाला ती चालतात, कारण विस्तव काहीही जाळतो. आपल्या पोटाला त्यातला चोथा पचत नाही. शेळी पाला-कडबा पचवते, आपण नाही. म्हणून ॲटवॉटर यांनी नुसतं जाळून भागवलं नाही. पचन न होता शरीराबाहेर जातं ते वजा केलं. मग ठोकताळा बसवला : पिठासाखरेच्या एका ग्रॅममागे ४ किलोकॅलरी, प्रथिनांच्या ४ आणि तूप-तेलाच्या ९. आजही पाकिटावरचे आकडे बहुतेक याच हिशेबाने येतात."

"म्हणून लाडू जड," चिंगी म्हणाली. "तुपामुळे!"

एवढ्यात आजी बादली घेऊन आली. "अहो, पोरांना थंडीत उभं करून शाळा कसली भरवलीत? पाणी काढा!"

आजोबांनी तोटी सोडली, कढत पाण्यात विसण घातलं. "ही वीस लिटरची बादली. गार पाणी २० अंशांचं, आंघोळीला ४० चं. वीस किलो पाणी, वीस अंश. किती?"

"चारशे किलोकॅलरी," मन्याने बोटं मोजली, मग मुठीतल्या लाडवाकडे पाहिलं. "दोन लाडू!"

"आणि मोठं माणूस दिवसाला साधारण दोन हजार किलोकॅलरी खातं. अशा पाच बादल्या. त्यातली बरीचशी ऊब होऊन अंगाबाहेर पडते, म्हणून तर गोधडीत तुम्ही दोघं एकमेकांना चिकटून झोपता."

"आधी आंघोळ, मग लाडू," आजीने लाडू काढून घेतला.

बालमित्रांनो, तुमच्या घरी बंब नसेल, गीझर असेल. पाणी तेच आणि मापही तेच. बिस्किटाच्या पाकिटावर किलोकॅलरीचा आकडा दिसला, की त्याला वीसने भागा. जेवढे लिटर येतील, तेवढं गार पाणी तेवढ्या उष्णतेने आंघोळीजोगं तापतं.