शिरगणतीत पणजोबा का सापडत नाहीत?

1881च्या जनगणनेत आपल्या पणजोबांचं नाव मिळेल का, असं पुष्कळ जण विचारतात. नाही मिळणार. इंग्लंडमध्ये 1841च्या याद्या घरागणिक, नावानिशी पाहता येतात. आपल्याकडे आकडे छापले गेले. घरोघरचे तक्ते 1948च्या जनगणना कायद्यानुसार कुणाला पाहायला खुले नाहीत. मग शेतकरी कुटुंबानं काय करायचं? आपण सातबाऱ्यापासून मागं जाऊ. त्यावरच्या फेरफार क्रमांकावरून गाव नमुना 6 काढू. वारस नोंदीत मयताचं नाव, मुलगे, विधवा, कधी लेकीही भेटतात. मग कोतवाल बुकातले जन्म-मृत्यू ताडून पाहू. जुनी पानं बहुधा मोडीत असतात, आणि मोडी वाचणारे थोडे. म्हणून आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून नावं लिहून घेऊ. दप्तर थांबेल, ती थांबणार नाहीत.