मीटर पाहून घर घ्यावे

आम्ही कापडाचे व्यापारी. ठोक माल घेताना प्रत्येक थान स्वतः मोजतो, माप कमी भरले तर परत करतो. पण वडगाव मावळला घर भाड्याने घेताना आम्ही मीटरकडे पाहिलेच नाही.

वडगाव हे मावळ तालुक्याचे ठिकाण. पुणे-लोणावळा लोकल येथे थांबते, शेजारी तळेगावची एमआयडीसी. आम्ही भाच्यासाठी व दोन शिलाई कारागिरांसाठी दोन खोल्या घेतल्या. बोली झाली, "लाइट-पाणी धरून भाडे." सौदा सोपा वाटला, कागद केला नाही. तिसऱ्या महिन्यात मालकांनी जादा पैसे मागितले. आम्ही म्हणालो, बोली झाली आहे. ते म्हणाले, बोली घराची होती, दिवसभर इस्त्री चालवण्याची नव्हती. खरे पाहता चूक दोघांची होती.

बिलाचा हिशेब समजून घ्या. घरगुती विजेचा दर टप्प्याने वाढतो. १०० युनिटपर्यंत कमी, ३०० पर्यंत चढा, पुढे आणखी चढा. तीन बिऱ्हाडांनी ९०-९० युनिट जाळले आणि मीटर वेगळे असले, तर तिघेही कमी दरात. मीटर एकच असेल तर २७० युनिट होतात आणि १७० युनिट चढ्या दरात जातात. आमच्या मालकांचे तसेच झाले होते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदलेला हवा. जबाबदारी मालकाची, कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदणी नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात. म्हणजे कागद मालकाच्याही फायद्याचा. आम्ही कलमावरून भांडलो नाही. भाच्याला तिथेच राहायचे होते. मागणीची निम्मी रक्कम दिली आणि करार नोंदवून घेतला.

याच वडगावात जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांनी मराठ्यांशी तह केला. सही करणाऱ्यांना अधिकार नव्हता, असे म्हणून कलकत्त्याच्या सरकारने तो झुगारला. तेव्हा सही करणारा खरा मालक आहे का, हे घरपट्टीची पावती व लाइट बिल पाहून ठरवा.

कारागीर बांधवांनी करारात चार गोष्टी लिहून घ्याव्यात: मीटर स्वतंत्र की सामाईक, भाड्यात दरमहा किती युनिट धरले, जादा युनिटचा दर काय आणि घरात शिलाईकाम चालेल की नाही. राहायला जाण्याच्या दिवशी मीटरचा आकडा दोघांच्या सहीने टिपून ठेवावा.

कापड मापून घेतो, तशी वीजही मापून घ्यावी.