किता-सेन्रीचं उघडं फाटक

जपानी उपनगरी रेल्वेचं आपल्याकडे फार कौतुक होतं, आणि त्याचं कारणही ठरलेलं असतं: ती माणसंच शिस्तीची. हे कारण मला अपुरं वाटतं. टोकियो किंवा ओसाकाच्या कुठल्याही उपनगरी स्टेशनात ऑफिसच्या वेळी तिकीट-फाटकाकडे टक लावून पाहावं. कुणी पास उलटा धरलेला असतो, कुणी छत्री सावरत खिसे चाचपत असतो, कुणाच्या कार्डातले पैसे संपलेले असतात. घाईतलं माणूस तिथेही चुकतंच. तरी रांग तुंबत नाही, कारण या चुका कुणीतरी आधी बारकाईने पाहिल्या आहेत आणि त्या पोटात घालणारं यंत्र बनवलं आहे.

याची सुरुवात पाहायची तर ओसाकाच्या उत्तरेला जायला हवं. तिथल्या बांबूच्या टेकड्या सपाट करून सेन्री हे दीड लाख वस्तीसाठी आखलेलं शहर उभं राहिलं; 1962 पासून लोक राहायला आले. राहणं इथे, नोकरी ओसाकात. म्हणजे सगळ्यांची निघायची वेळ एकच. जुन्या पद्धतीत फाटकावरचा कर्मचारी हातातल्या चिमट्याने प्रत्येक तिकिटाला खाच पाडायचा आणि पासांवरून नुसती नजर फिरवायचा. एवढ्या लोंढ्यापुढे त्या नजरेचा कसा निभाव लागणार? 1967 साली हानक्यू रेल्वेच्या किता-सेन्री स्टेशनात स्वयंचलित तिकीट-फाटकं बसली, तातेइशी कंपनीने, म्हणजे आजच्या ओमरॉनने, घडवलेली. त्यातली खरी अडचण तिकीट वाचण्याची नव्हती, ते सरळ करण्याची होती. सुमारे पावणेसहा सेंटिमीटर लांब आणि तीन सेंटिमीटर रुंद कागदाचा तुकडा माणूस जसा हाताला येईल तसा सरकवतो. ‘तिकीट उभंच घाला’ अशी पाटी लावता आली असती. पण अभियंत्यांनी ती जबाबदारी यंत्रावर घेतली. त्यांच्यातल्या एकाला उत्तर ओढ्यावर सापडलं असं सांगतात: वाहत आलेलं बांबूचं पान दगडाला लागलं, गिरकी घेऊन सरळ झालं आणि पुढे गेलं. यंत्राच्या आतही आडव्या तिकिटाच्या वाटेत असाच एक अडसर ठेवला गेला.

कुणी म्हणेल, यंत्र कितीही चांगलं असो, ते नीट वापरायला शिस्तीचीच माणसं लागतात. याला उत्तर ‘सुइका’ या कार्डाच्या चाचण्यांत आहे. रांगेत निमूट उभी राहणारी तीच जपानी माणसं नव्वदच्या दशकात कार्ड वाचणाऱ्या चाचणीच्या फाटकापुढे आली, तेव्हा जवळजवळ निम्मी अडकली. कार्ड कुठे टेकवायचं, किती वेळ धरायचं, काहीच कळेना. डिझायनर शुन्जी यामानाका यांनी सूचनाफलक वाढवले नाहीत. त्यांनी माणसं चालत येताना मनगट कसं वळवतात ते पाहत, वेगवेगळे आकार आणि उतार करून पाहिले. शेवटी कार्ड टेकवायची जागा माणसाच्या बाजूला साडेतेरा अंशांनी झुकवली आणि तिच्याभोवती दिवा दिला. एवढ्याशा उताराने हात आपोआप त्या जागी जाऊन क्षणभर रेंगाळू लागला. 2001 साली सुइका सुरू झालं, आणि आज कार्ड टेकवायची ती तिरकी जागा जपानभर दिसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: असं सोसून घेणारं फाटक फसवणाऱ्यांचं फावू देतं. फसवणारे तिथेही आहेत; त्यांच्या युक्तीला ‘किसेरु’ हे नावही आहे. किसेरु म्हणजे चिलमीसारखी लांब नळी, जिच्या फक्त दोन टोकांना धातू असतो. तसंच प्रवासाच्या दोन टोकांचेच पैसे भरायचे आणि मधला प्रवास फुकट! तरीही तिथलं फाटक एरवी उघडंच असतं. गडबड दिसली तरच झडप पुढे येते. प्रत्येकासाठी दार उघडून बंद करण्यापेक्षा चुकणाऱ्या थोड्यांसाठी ते लावणं वेगाचं, आणि माझ्या मते सभ्यपणाचंही. कमी भाड्याचं तिकीट काढून पुढे आलेल्या प्रवाशासाठी फाटकाच्या आतच एक मशीन असतं. तिथे फरकाचे पैसे भरायचे आणि बाहेर पडायचं. दंड नाही, जाब नाही. किसेरुवाल्यालाही चढल्याची नोंद न जुळल्यामुळे हेच फाटक अडवतं. विश्वास आणि तपासणी एकाच खोक्यात नांदू शकतात, हे मला या यंत्राचं मोठं यश वाटतं.

चिमटेवाल्या माणसांचं काम गेलं, हा आक्षेप मात्र मी परतवणार नाही. फाटकाशेजारच्या खिडकीत अजून कुणीतरी बसलेलं असतं, पण लहान स्टेशनांत ती खिडकी बंद होऊन भिंतीवर नुसतं बोलण्याचं बटण उरू लागलं आहे. फाटकं कुठे आहेत ते अंध प्रवाशाला कळावं म्हणून ‘पिंग-पॉंग’ असा घंटानाद सतत चालू असतो, तो यंत्राला जमतो. चाकाच्या खुर्चीवरचं माणूस आलं की गोष्ट वेगळी होते. खिडकीतला कर्मचारी घडीची फळी काखोटीला मारून त्याच्याबरोबर फलाटावर जातो, डब्याच्या दारात ती अंथरतो आणि उतरायच्या स्टेशनला कळवतो: अमुक गाडी, अमुक डबा, अमुक दार. गाडी तिथे पोचते तेव्हा नेमक्या त्या दारासमोर दुसरा कर्मचारी तशीच फळी घेऊन उभा असतो.